दोन मीटरचं बाळ

रोमच्या सेंट पीटर्स बॅसिलिकाची आतली लांबी सुमारे १८६ मीटर. मधल्या दालनाचं छत ४६ मीटरांवर. घुमटाच्या टोकावरचा क्रूस जमिनीपासून १३६ मीटरांहून थोडा वर. आतल्या मापाने याहून मोठं चर्च जगात दुसरं नाही. एवढं असूनही पहिल्यांदा आत शिरणारी माणसं बऱ्याचदा दोन मिनिटं इकडेतिकडे बघतात आणि म्हणतात, "मला वाटलं होतं, याहून मोठं असेल." माझी आई हेच म्हणाली. तिच्या नजरेचा त्यात काही दोष नव्हता. ती इमारतच तशी बांधली आहे.

एरवी मोठी जागा मोठी का वाटते? तिथे आपल्या ओळखीच्या मापाचं काहीतरी असतं म्हणून. दार, पायरी, पुतळा, कठडा. सेंट पीटर्समध्ये दालन वाढवलं तसं सगळंच त्याच पटीत वाढवलं. खांब वाढले, कोनाडे वाढले, पुतळे वाढले, भिंतीवरची अक्षरं आणि देवदूतसुद्धा वाढले. नजर एक वस्तू दुसरीशी ताडून बघते, तर सगळं कसं बरोबर जुळतं. मग ती ठरवून टाकते की हे नेहमीच्याच मापाचं असणार. म्हणून माझं सांगणं असतं की इथे येताना आकडे घेऊन या. फार नकोत, पाच-सहा पुरेत. पण ते घरातल्या लहानमोठ्यांना आत शिरण्याआधी सांगून ठेवा. नाहीतर सुरक्षा तपासणीच्या रांगेत तासभर उभं राहायचं, अर्ध्या तासात फेरी मारायची आणि "छान होतं" म्हणत बाहेर पडायचं, असं होतं. इतक्या लांब जाऊन असं होऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

पहिला आकडा दाराजवळच वापरता येतो. मधल्या दालनात शिरलं की सुरुवातीच्या खांबांपाशी पवित्र पाण्याची पात्रं आहेत, पिवळ्या संगमरवराच्या शिंपल्यांची. प्रत्येक शिंपला दोन गुबगुबीत पंखवाल्या बाळांनी धरलेला. दारातून बघितलं तर ही बाळं खरोखर बाळांएवढी दिसतात. त्यांची उंची सुमारे दोन मीटर आहे. माझी भाची आठ वर्षांची. तिला म्हटलं, जा, त्या बाळाजवळ उभी राहा. ती चालत निघाली आणि प्रत्येक पावलागणिक लहान होत गेली. तिथे पोचल्यावर तिने हात न लावता आपलं मनगट बाळाच्या मनगटाशेजारी धरलं. दगडातलं ते वळी पडलेलं गुबगुबीत मनगट तिच्या मांडीपेक्षा जाड होतं. आई मागून बघत होती. तिने एकदा नातीकडे बघितलं, मग वर छताकडे बघितलं आणि पदर सावरत तिथेच थांबली. त्या क्षणी दालन तिच्यासाठी मोठं झालं.

तिथून पुढे जाताना नजर खाली ठेवावी. मधल्या दालनाच्या फरशीत धातूची अक्षरं आणि खुणा बसवलेल्या आहेत. जगातली इतर मोठी चर्चं इथे आणून ठेवली तर कुठवर येतील, ते त्या दाखवतात. वेदीकडच्या टोकापासून माप घेतलेलं आहे. म्हणून दाराकडून आत चालू लागलं की सगळ्यात लांब चर्चची खूण आधी लागते. लंडनच्या सेंट पॉल्सचं नाव येतं, फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलचं येतं, मिलानचं येतं. बहुतेक लोक त्या अक्षरांवरून सरळ चालत जातात, कारण सगळ्यांच्या माना वर असतात. मुलांना मात्र हा खेळ फार आवडतो. एकेका नावावर थांबायचं आणि मागे वळून बघायचं, की आपण दारापासून किती आलो. मोठ्या माणसाच्या चालीने या टोकापासून त्या टोकापर्यंत अडीचशेच्या आसपास पावलं होतात.

घुमटाखाली आल्यावर वर गोलाकार पट्टीवर लॅटिन अक्षरं दिसतात. सोनेरी पार्श्वभूमीवर गडद रंगाची, सहज वाचता येतील अशी. ती जवळपास माणसाच्या उंचीची आहेत. त्याखालच्या चार कोपऱ्यांत, चार गोलांत चार शुभवर्तमानकार आहेत. त्यांतल्या संत मार्कच्या हातातली लेखणी दीड मीटर लांब आहे. घुमट पेलणारे चार खांब तर खांब वाटतच नाहीत, भिंती वाटतात. एकेकाचा घेर ७१ मीटर. रोममध्येच क्विरिनाल टेकडीवर बोरोमिनीने सतराव्या शतकात बांधलेलं सान कार्लो नावाचं एक सुंदर छोटं चर्च आहे. या चारपैकी एका खांबाने जेवढी जागा व्यापली आहे, साधारण तेवढ्या जागेत ते अख्खं चर्च बसतं, असं रोमचे लोक सांगतात. वेळ असेल तर त्याच दिवशी दुपारी तिथे जावं. सान कार्लोच्या मधोमध उभं राहून चारही बाजूंना बघायचं आणि मनाशी म्हणायचं, हा सगळा एक खांब होता.

घुमटाच्या बरोबर खाली, मुख्य वेदीवर बर्निनीने उभारलेलं ब्राँझचं छत्र आहे. पिळदार चार खांब, वर झालर, झालरीवर पोप आठव्या अर्बनच्या घराण्याच्या मधमाश्या. १६२४ ते १६३३ या काळात ते झालं, आणि त्यासाठी ब्राँझ मिळवताना रोमच्या प्राचीन पँथिऑनच्या दारमंडपातलं ब्राँझही काढून नेलं गेलं. खालून बघताना हे छत्र एखाद्या मखरासारखं दिसतं. त्याची उंची सुमारे २९ मीटर आहे. आपल्या अपोलो बंदरवरचं गेटवे ऑफ इंडिया २६ मीटरांचं. म्हणजे गेटवे त्या छत्राहून बुटकं, आणि त्या घुमटाखाली ते उभं केलं तर त्याच्या डोक्यावर नव्वदच्या आसपास मीटर मोकळी हवा उरेल.

आता भिंतींवरच्या चित्रांबद्दल. वेद्यांवर जी मोठमोठी तैलचित्रं दिसतात, ती जवळजवळ सगळी मोझेकची आहेत. रंग नाही, कुंचला नाही; रंगीत काचेचे बारीक तुकडे एकमेकांना भिडवून केलेली. ओलीला आणि धुराला कॅनव्हास टिकत नव्हता, म्हणून अठराव्या शतकात मूळ चित्रं हलवून त्यांच्या मोझेकमधल्या प्रती बसवत गेले. राफाएलच्या शेवटच्या महान चित्राची, ख्रिस्ताच्या रूपांतराची, इथे अशीच प्रत आहे. मूळ चित्र व्हॅटिकनच्या चित्रसंग्रहालयात. दोन हातांवर उभं राहूनही अनेकांना ते चित्र काचेचं आहे हे कळत नाही. कसं कळेल? व्हॅटिकनच्या मोझेक कारखान्याच्या कपाटांत काचेच्या २८,००० हून जास्त छटा ठेवलेल्या आहेत. गालाच्या गुलाबीतून हनुवटीच्या सावलीपर्यंत जाताना किती पायऱ्या लागत असतील, याचा अंदाज त्या आकड्यावरून येतो.

हे जवळून बघायचं तर घुमटावर चढायला हवं. वरपर्यंत ५५१ पायऱ्या आहेत. लिफ्ट घेतली तर २३१ वाचतात, ३२० तरीही उरतात. गुडघे दुखणाऱ्यांनी लिफ्टने गच्चीपर्यंत जावं आणि तिथून आत घुमटाच्या पोटातल्या गोल सज्ज्यावर यावं. तेवढ्यानेही काम होतं. सज्ज्याच्या भिंतीवर देवदूतांचे चेहरे आहेत. खालून ते कोवळे, सायीसारखे दिसत होते. इथे मात्र ते चेहरे एकदम तुटतात. गाल म्हणजे करड्या, विटकरी, हिरवट चौकोनी तुकड्यांची रांग. तुकड्यांमध्ये बोटाचं नख शिरेल एवढ्या फटी. डोळ्याची बाहुली म्हणजे काळ्या काचेचे ओबडधोबड खडे. कारागिराने नाजूक काम केलेलंच नाही, कारण पन्नास मीटर खाली उभ्या असलेल्या माणसाला काय दिसेल याचा त्याने हिशेब केला होता. त्या तुकड्यांसमोर मी बराच वेळ उभी राहिले. जाळीतून खाली बघितलं तर बर्निनीचं छत्र पायाखाली होतं आणि माणसं रांगोळीच्या ठिपक्यांएवढी.

सज्ज्यावरून पुढचा जिना घुमटाच्या दोन कवचांमधून जातो. भिंत डोक्यावर कलत जाते, तसं आपल्यालाही एका कुशीवर कलून चढावं लागतं. या भिंतीची एक गोष्ट मला सगळ्या मोजमापांपेक्षा जास्त भावते. घुमट पुरा झाल्यावर दीडशे वर्षांत त्याला उभ्या भेगा पडल्या. १७४२ साली पोप चौदाव्या बेनेडिक्टने तीन गणितज्ञांना बोलावलं: ल सर, जाकिए आणि बोस्कोविच. कोसळू पाहणाऱ्या घुमटाच्या तपासणीसाठी गणितज्ञ नेमणं तेव्हा नवीन होतं. गवंड्यांचं काम गवंड्यांनी बघावं अशी रीत होती. गणितज्ञांचा अहवाल आल्यावर पाडुआचे प्राध्यापक जोव्हानी पोलेनी यांचं मत घेतलं. पोलेनींनी घुमटाचे कागदावर पन्नास काप केले. त्यांतल्या कापाचे पुन्हा बारीक भाग पाडून प्रत्येक भागाचं वजन काढलं. मग त्या वजनांच्या प्रमाणात ३२ लहानमोठी वजनं एका दोरीला अडकवली आणि दोरी दोन टोकांना धरून लोंबती सोडली. लोंबणारी दोरी आपोआप जो आकार घेते, तोच उलटा केला की दाब सहन करणारी कमान मिळते. तो उलटा आकार घुमटाच्या भिंतीच्या जाडीत बसतो का, एवढंच त्यांना बघायचं होतं. तो बसला. घुमट पडणार नाही, भेगा उघडू नयेत म्हणून बाहेरून आवळा, असा सल्ला त्यांनी दिला. १७४३-४४ मध्ये घुमटाभोवती पाच नवी लोखंडी कडी घातली गेली. सुमारे ४२ मीटर व्यासाचा, हजारो टनांचा दगडविटांचा डोलारा एका दोरीने तपासला गेला. शाळेतल्या मुलांना हे घरी परतल्यावर करून दाखवता येतं. दोरा, मणी आणि भिंतीवर चिकटवलेला कागद पुरतो.

बांधायला किती वर्षं लागली, हा आकडा सगळ्यांना माहीत असतो: १२०. १८ एप्रिल १५०६ला पोप दुसऱ्या ज्युलियसने पायाचा दगड बसवला आणि १८ नोव्हेंबर १६२६ला आठव्या अर्बनने चर्चचं समर्पण केलं. पण ती १२० वर्षं सारख्या वेगाने गेली नाहीत, आणि गंमत त्यातच आहे. एवढ्या काळात २० पोप झाले. त्यांतले तिघे महिनाभरही टिकले नाहीत. आराखडे बदलले, ब्रामांतेचं काम राफाएलकडे गेलं, राफाएलचं सांगालोकडे. मायकेलअँजेलोच्या हाती काम आलं १५४७ मध्ये, तेव्हा तो ७१ वर्षांचा होता. पुढची १७ वर्षं, मरेपर्यंत, त्याने मोबदला न घेता ते केलं. तो गेला तेव्हा घुमटाखालचा गोल चौथरा उभा होता आणि घुमट नव्हता. मग वीसहून जास्त वर्षं त्या चौथऱ्यावर आभाळच होतं. १५८५ साली पाचवा सिक्स्टस पोप झाला. त्याने घुमटाचं काम जाकोमो देल्ला पोर्ता आणि दोमेनिको फोंताना यांच्याकडे सोपवलं, माणसं वाढवली आणि घुमट २२ महिन्यांत पुरा झाला. मे १५९० मध्ये काम संपलं. ऑगस्टमध्ये सिक्स्टस वारला.

चर्चसमोरच्या चौकातला स्तंभही याच सिक्स्टसचा. इजिप्तमधून सम्राट कॅलिग्युलाने आणलेला, साडेपंचवीस मीटर उंच, अखंड ग्रॅनाइटचा, सुमारे ३३० टनांचा. तो जुन्या चर्चच्या कडेला उभा होता. तिथून अडीचशे-तीनशे मीटर हलवून चौकात आणायचा होता. फोंतानाने त्याला फळ्यांनी आणि लोखंडाने गुंडाळलं. सुमारे ९०० माणसं, शंभराहून जास्त घोडे, चाळीसहून अधिक उभे रहाट, आणि त्या सगळ्यांनी एकाच क्षणी ओढायचं, एकाच क्षणी थांबायचं. ३० एप्रिल १५८६ला स्तंभ जागचा उचलला, १० सप्टेंबरला नव्या जागी उभा राहिला. त्याच्या दोन्ही बाजूंना पुढे १६५६ ते १६६७ या काळात बर्निनीने खांबांच्या कमानदार रांगा उभ्या केल्या: २८४ खांब, वर १४० संतांचे पुतळे. स्तंभ आणि कारंजं यांच्यामध्ये फरशीत एक गोल दगड आहे. त्यावर उभं राहिलं की चार रांगांतले खांब एकमेकांमागे जातात आणि एकच रांग दिसते. एक पाऊल बाजूला सरकलं की जंगल पुन्हा उगवतं. भाची तिथून हलायला तयार नव्हती.

खर्चाचा हिशेब सतराव्या शतकाच्या शेवटी कार्लो फोंतानाने मांडला होता: ४ कोटी ६८ लाख स्कुदी. आजच्या रुपयांत तो सांगण्यात अर्थ नाही, आणि खरी किंमत पैशात नव्हतीही. या बांधकामासाठी पोप दहाव्या लिओने पापांच्या शिक्षेतून सूट देणारी पत्रं देणग्यांच्या बदल्यात वाटायला परवानगी दिली. जर्मनीत ती विक्री बघून मार्टिन ल्यूथरने १५१७ मध्ये ९५ मुद्दे लिहिले. जगातलं सगळ्यात मोठं चर्च उभं राहत होतं आणि त्याच काळात, त्याच निमित्ताने, पश्चिमेतली ख्रिस्ती मंडळी दुभंगत होती. घुमटाखाली उभं राहताना हेही आठवायला हवं, असं मला वाटतं.

इटलीच्या सहलीत बहुधा फ्लॉरेन्स आणि मिलान असतातच. फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलचा घुमट ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ मध्ये बांधला, खाली लाकडी आधार न उभारता. चाळीस लाखांहून जास्त विटा, सुमारे ३७,००० टन, आणि वर जायला ४६३ पायऱ्या. चढताना विटांकडे बघावं: आडव्या थरांमध्ये ठरावीक अंतरावर उभी वीट लावलेली दिसते, चुना ओला असताना वीट घसरू नये म्हणून. मिलानबद्दल एवढंच सांगते की १३८६ला सुरू झालेल्या त्या चर्चचा शेवटचा दरवाजा १९६५ला बसला. छतावर १३५ सुळके, एकूण ३,४०० पुतळे. संगमरवर मॅज्योरे सरोवराजवळून पाण्यावाटे यायचा आणि चर्चसाठीचा माल म्हणून त्याला जकात माफ असायची.

रोम सोडण्याआधी आम्ही आणखी एका चर्चमध्ये गेलो, जेझुइटांच्या जेझू चर्चमध्ये. तिथे उजव्या बाजूच्या वेदीवर फ्रान्सिस झेवियरचा उजवा हात आहे. तो १६१४ साली गोव्यातून इथे पाठवला गेला. त्या हाताने तीन लाख लोकांना बाप्तिस्मा दिला असं परंपरा सांगते. इतिहासकार तीसेक हजारांवर येतात, आणि दहा वर्षांच्या कामाला तेही प्रचंड आहेत. बाकीचं शरीर जुन्या गोव्यात, बॉम जीझस बॅसिलिकात. आई गोव्याला अनेकदा गेलेली आहे, तिने तिथली चांदीची पेटी बघितलेली. आपल्या ओळखीच्या संताचा हात इथे परदेशात आहे हे कळल्यावर तिने डोळे मिटून हात जोडले. सेंट पीटर्सचं समर्पण होण्याच्या चार वर्षं आधी, १६२२ मध्ये, त्याच चर्चमध्ये झेवियरला संतपद दिलं गेलं. आणि गोव्यातली त्याची संगमरवरी समाधी फ्लॉरेन्सहून आलेली. टस्कनीच्या तिसऱ्या कोसिमोने ती फोग्जिनीकडून दहा वर्षं खपून घडवून घेतली. जहाजाने सुटी सुटी आली आणि १६९८ मध्ये जोडली गेली.

ज्यांना रोमला जायचंय, त्यांनी आधी एक दिवस जुन्या गोव्यासाठी काढावा. १५६२ मध्ये सुरू झालेलं से कॅथीड्रल ७६ मीटर लांब आहे. मुलांना ते पावलांनी मोजू द्यावं आणि आकडा वहीत लिहून घ्यावा. रोममध्ये त्याच पावलांनी जवळजवळ अडीच पट चालावं लागेल. तिथून चालत जाण्याएवढ्या अंतरावर सेंट कॅजेटन चर्च आहे. इटालियन थिएटाइन धर्मगुरूंनी सेंट पीटर्सचा नमुना समोर ठेवून ते बांधलं, १६६१ मध्ये पुरं केलं. तीच दर्शनी बाजू, तेच चौकोनी आणि गोल खांब, मध्यभागी तसाच घुमट, फक्त इथे घुमटाकडे बघायला मान फार मागे टाकावी लागत नाही. गर्दी नसते, तिकीट नसतं. मधोमध उभं राहून घुमट कुठे सुरू होतो, खांब कसे पेलतात, वेदी कुठे येते, हे मुलांना बोट दाखवून समजावता येतं, आणि कॅजेटनमधला देवदूत किती मोठा आहे हेही जवळ जाऊन बघता येतं.